बैठकीचं पोट

शहाद्याला एक म्हातारा खरादी होता. देवघराचे कातीव खांब, पाळण्याच्या दांड्या, पोळपाट-लाटणी, सारं त्याच्या लेथवरून उतरायचं. हाताखाली नातू शिकत होता. पोराच्या हातात कला होती, पण दिसतं तेवढंच काम, अशी त्याची समजूत होती.

एकदा मे महिन्यात जवळच्या शाळेचे गुरुजी आले. शाळेत हुतात्मा शिरीषकुमार यांचा छोटा अर्धपुतळा बसवायचा होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंग्याची मिरवणूक निघाली आणि पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार चार सोबत्यांसह धारातीर्थी पडले. तेव्हा त्यांची सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या पुतळ्याखाली लाकडी बैठक हवी होती.

"आबा, ही मी करतो," नातू म्हणाला.

त्याने सागाचा गोल ठोकळा चकतीवर आवळला. लेथ फिरू लागला, पटाशी टेकली, आणि लाकडाच्या लांब साली त्याच्या मनगटावरून घरंगळू लागल्या. एक गोलवा, एक खाच, पुन्हा गोलवा. मग फिरत्या लाकडाला त्याने लाखेची कांडी टेकवली. घर्षणाच्या उबेने लाख वितळली आणि कडेवर आरशासारखी चकाकी आली.

आबांनी बैठक हातात घेतली, उलटी केली. तळ अगदी सपाट होता. त्याला लाखही लावलेली नव्हती.

"पोऱ्या, पोट ठेवलं नाहीस. मध्ये जरा खोलगट कर, आणि खालूनही लाख लाव."

"खाली कोण बघतंय, आबा? सपाट तळ तर सगळीकडून टेकतो. मग पक्काच बसेल ना?"

आबा गप्प राहिले. बैठक शाळेत गेली, पुतळा बसला, पोराचं कौतुक झालं.

मग पाऊस लागला. ऑगस्ट सरता सरता गुरुजी बैठक कापडात गुंडाळून परत घेऊन आले. "दार आपटलं तरी पुतळा डुलतो. खाली कागदाची घडी सारून कसाबसा उभा ठेवला होता. हुतात्म्याच्या पुतळ्याखाली कागदाची घडी बरी दिसत नाही."

नातवाने तळावर लोखंडी पट्टी आडवी धरली. पट्टी मध्येच टेकली आणि दोन्ही बाजूंना झुलू लागली. वरून लाख होती, तिथे ओल शिरली नव्हती. कोऱ्या तळाने मात्र पावसाळाभर दमट हवा पिऊन घेतली होती. तळाचं पोट फुगलं होतं.

आबांनी पाण्याचा पेला रिकामा करून त्याच्यापुढे उलटा ठेवला. "याचं बूड बघ."

बूड मध्ये आत गेलेलं होतं. पेला नुसत्या कडेवर उभा राहत होता.

"कड टेकते, म्हणून पेला हलत नाही. मधलं बूड खाली आलं, तर पेला त्याच्यावरच डुलेल. लाकूड तर ऋतूगणिक थोडंफार हलणारच, ते आपल्या हातात नाही. पोटात जागा ठेवली, तर तेवढं हलणं ते पोटात घालतं."

नातवाने आठवडाभर बैठक घरात कोरड्या जागी सुकवली. मग ती पुन्हा लेथवर चढवली आणि तळाचा मधला भाग रुपयाच्या नाण्याएवढा खोल कातला. पट्टी धरली, तेव्हा ती दोन्ही कडांवर टेकली आणि मध्ये उजेडाची बारीक फट दिसली. कुणाला कधी दिसणार नव्हता असा तो तळ त्याने दर्शनी बाजूइतक्याच मायेने घासला आणि त्यालाही लाख लावली.

९ सप्टेंबरला तो स्वतः शाळेत गेला. मुलांनी एकामागून एक हार घातले, कुणाचा धक्का लागला, कुणी टेबलाला रेलून उभं राहिलं. पुतळा जागचा हलला नाही. कागदाची घडी गुरुजींनी केव्हाच टाकून दिली होती.

तात्पर्य : ज्याला दुसऱ्याला आधार द्यायचा आहे, त्याने आपल्या पोटात थोडी जागा राखावी. जो स्वतःच फुगतो, तो आपल्यावर विसावलेल्यालाही डळमळवतो.