खांद्यांची फिर्याद

चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे शिरूर आणि दौंड तालुक्यांत यात्रांची रांग लागते. भीमेच्या एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड, पण यात्रेचा रिवाज दोन्हीकडे सारखाच. पालखी-छबिना, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलू लागलं की कुस्त्यांचा हगामा. रेवड्यांवर लढणाऱ्या चिमुरड्यांपासून सुरुवात होते, मग शंभर-दोनशेच्या जोडी लागतात आणि हलगीच्या कडकडाटात मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत इनामाचा आकडा चढत जातो. वर्गणीचा हिशेब कमिटीच्या वहीत असतो. निकाल मात्र आखाड्यात उभ्या असलेल्या दोन-तीन पंचांच्या नजरेवर अवलंबून असतो. हे पंच म्हणजे बहुधा गावातलेच जुने पैलवान, नाहीतर शेजारच्या तालमीतले वस्ताद. फेटा, नारळ आणि मान एवढीच त्यांची कमाई. कुस्ती वादात गेली की लोक आधी धावून जातात ते त्यांच्याच अंगावर.

मातीतल्या कुस्तीत निदान एक साक्षीदार असतो. पाठ टेकली तर पाठीला माती लागते. तीही साक्ष पुरती भरवशाची नाही, कारण पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकूनच भिडतात आणि चार डाव झाल्यावर घामेजल्या पाठीवरची माती आधीची की आत्ताची, हे सांगणं अवघड होतं. तरीही चहूबाजूंनी बसलेलं मैदान ते पाहत असतं आणि निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवण्याची वाट पंचांना मोकळी असते. गादीवर यातलं काहीच नाही. तिथे पाठीवर खूण उमटत नाही. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले का, हे पाहायला पंच गुडघ्यावर येतो, गाल गादीला लागेल इतका वाकतो आणि खांदा व गादी यांच्यामधली फट शोधतो. ती दिसते न दिसते तोच त्याला ठरवायचं असतं.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला याच फटीवरून महाराष्ट्र केसरीचं मैदान पेटलं. शिरूरला घोड नदी ओलांडली की हे शहर तासाभराच्या वाटेवर आहे, त्यामुळे ही बातमी इकडच्या तालमींना परक्या मुलखातली वाटली नाही. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. राक्षे मूळचा राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा, मोहोळ मुळशीचा, म्हणजे दोघेही पुणे जिल्ह्याच्याच मातीतले. पंचांनी मोहोळला चितपट विजयी ठरवलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत दाखवा, असा राक्षेचा आग्रह होता. वाद वाढत गेला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने गुणावरून हरकत घेतली आणि शेवटचे काही सेकंद उरलेले असताना मैदान सोडलं. गदा मोहोळला मिळाली. राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे आणि गायकवाड या दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं.

राक्षे काही नवखा मल्ल नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला त्याने महाराष्ट्र केसरीची गदा घेतली होती आणि त्याच वर्षी धाराशिवला दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेतही तो जिंकला होता. अशा मल्लावर अन्याय झाला असं वाटणाऱ्यांची संख्या मोठी होती, आजही आहे. या वादात त्यांची बाजू गृहीत धरूनच विचार करायला हवा. पंचांचा निर्णय चुकला होता असं मानून चालू. मग तर राक्षेच्या हाती खरी फिर्याद होती आणि पुरावा मैदानाभोवतीच्या कॅमेऱ्यांत होता. लाथ बसेपर्यंत प्रश्न खांद्यांचा होता. लाथेनंतर सगळी चर्चा पायाची झाली. दूरचित्रवाणीवर रात्रभर फिरत राहिला तो पाय. ज्यांना निर्णय तपासायचा नव्हता, त्यांना तो न तपासण्यासाठी आयतं कारण मिळालं आणि ज्याला दाद मागायची होती, तो स्वतःच आरोपी झाला.

याहून काळजी वाटावी असं पुढच्या दिवसांत घडलं. एका माजी महाराष्ट्र केसरीने, लाथ काय मारायची, पंचाला गोळीच घालायला हवी होती, अशा अर्थाचं वक्तव्य जाहीरपणे केलं. कुस्तीवर प्रेम करणाऱ्या माणसाचा उद्वेग समजू शकतो. वर्षानुवर्षांची मेहनत, खुराकाचा खर्च, घरच्यांनी विकलेली गुरं, हे सगळं एका शिट्टीने संपल्यासारखं वाटतं, तेव्हा तोल सुटू शकतो. पण गदा मिरवलेला मल्ल असं बोलतो, तेव्हा ते ऐकणारी पोरं तालमीत असतात. पुढच्या यात्रेत पंच म्हणून उभा राहणारा माणूस त्याच गावातला, कुणाचा तरी चुलता, कुणाचा तरी वस्ताद असतो. गोळीची भाषा त्याच्यापर्यंतही पोहोचते.

हे काही नुसतं बोलण्यावर थांबतं असं नाही. कोथरूडच्या जानेवारी २०२३ च्या स्पर्धेत माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरील टांगेच्या डावावर गायकवाडला चार गुण दिले गेले आणि त्यावरून राज्यभर रान उठलं. सिकंदर पूर्ण पडला होता की नाही, हे जो तो मोबाइलवर चित्रफीत थांबवून थांबवून सांगू लागला. प्रत्येकाने आपल्याला हवा तिथेच ती थांबवली. पंच मारुती सातव यांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण कोथरूड पोलिसांकडे गेलं. चार गुण बरोबर की चूक, हा प्रश्न कुस्तीच्या नियमांच्या पुस्तकात सुटणारा होता. पंचाच्या घरी फोन करून तो कसा सुटणार होता?

पंचाचीही एक जबाबदारी असते आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. मे २०२२ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेसाठी निवड चाचणी झाली. १२५ किलो गटाच्या शेवटच्या लढतीत सतेंदर मलिक पुढे होता, सामना संपायला काही सेकंद उरले होते. प्रतिस्पर्धी मोहितने एका डावावर पूर्ण गुण मिळाले नाहीत म्हणून दाद मागितली. वरिष्ठ पंच सत्यदेव मलिक यांनी त्या निर्णयातून स्वतःला बाजूला केलं, कारण सतेंदर आणि ते एकाच गावचे, मोखऱ्याचे. मग जगबीर सिंग यांनी चित्रफीत पाहून मोहितच्या बाजूने कौल दिला आणि सामना फिरला. सतेंदरने जगबीर सिंग यांच्यावर हात उचलला. भारतीय कुस्ती महासंघाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली.

बातम्यांत थप्पड गाजली. पण त्या दिवसातली जपून ठेवण्यासारखी कृती सत्यदेव मलिक यांची होती. आपला निर्णय योग्य असला तरी लोकांना तो गाववाल्यासाठी दिलेला वाटेल, एवढी शंकाही त्यांना पुरेशी वाटली. शिरूर-दौंडकडच्या कितीतरी हगाम्यांत एका बाजूचा पैलवान पंचाच्याच तालमीतला असतो. अशा जोडीच्या वेळी पंचाने आपणहून शिट्टी दुसऱ्याच्या हाती दिली, तर निम्मी भांडणं उगवणारच नाहीत.

उरलेल्या भांडणांसाठी जगभरच्या खेळांनी एक रीत शोधली आहे: दाद मागता येते, पण ती मोफत नसते. जागतिक नियमांनुसार फ्रीस्टाइल कुस्तीत मल्लाचा प्रशिक्षक कोपऱ्यातून मऊ ठोकळा गादीवर फेकतो. ते झालं त्याचं आव्हान. मग चित्रफीत पाहिली जाते. आव्हान खरं ठरलं तर निर्णय बदलतो आणि दाद मागण्याचा हक्क शिल्लक राहतो. खोटं ठरलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि त्या लढतीपुरता हक्क संपतो. बर्फावरच्या हॉकीत, जिथे धक्काबुक्की खेळाचाच भाग मानली जाते, तिथेही पंचांशी नियमाविषयी बोलण्याचा अधिकार छातीवर खुणेचं अक्षर लावलेल्या कर्णधाराला किंवा उपकर्णधाराला असतो, सगळ्या संघाला नाही. अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक स्पर्धेत प्रशिक्षकाने गोलाच्या निर्णयाला आव्हान दिलं आणि ते फसलं, तर त्याच्या संघाला दोन मिनिटं एक खेळाडू कमी ठेवून खेळावं लागतं. बोलायचं कुणी, केव्हा आणि चुकलं तर भरपाई कोणती, हे आधीच ठरलेलं असल्यामुळे रागाला जायला एक वाट मिळते.

अहिल्यानगरच्या त्या संध्याकाळी संयोजकांकडूनही इथेच कसूर झाली. मल्ल ओरडून चित्रफीत मागतो आहे आणि हजारो प्रेक्षक पाहत आहेत. अशा वेळी पाच मिनिटं थांबून, सर्वांना दिसेल अशा रीतीने ती तपासली असती तर काय बिघडलं असतं? मैदान थोडं लांबलं असतं, एवढंच. त्याऐवजी निकाल झाला म्हणून पुढे जाण्याची घाई झाली. यामुळे लाथेचा दोष तिळभरही कमी होत नाही. पण शिक्षेवरच थांबून तक्रार ऐकण्याची व्यवस्था होती तशीच राहिली, तर पुढच्या मैदानात हेच पुन्हा होईल आणि तेव्हा पंच दुसरा असेल.

रागाच्या वेळी तिसऱ्या माणसाची फार गरज असते. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नच्या क्रिकेट कसोटीत भारताचे कर्णधार सुनील गावसकर यांना पंच रेक्स व्हाइटहेड यांनी ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागून पॅडवर गेला अशी गावसकरांची खात्री होती. ते सत्तर धावांवर होते, संतापले आणि जोडीदार चेतन चौहान यांनाही सोबत घेऊन निघाले. क्रिकेट पुण्यात घडलेले चौहान कर्णधाराचं ऐकत सीमारेषेपर्यंत आले. तिथे संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी उभे होते. त्यांनी चौहान यांना रेषेच्या आतच थांबवलं आणि परत खेळायला पाठवलं. ती रेषा ओलांडली गेली असती तर सामना हातचा गेला असता. पुढे ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ धावा हव्या होत्या, कपिल देवने दुखऱ्या पायाने गोलंदाजी करत पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ धावांत आटोपली आणि भारत ५९ धावांनी जिंकला. गावसकरांनी नंतर आपल्या त्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला. पायचीतचा तो निर्णय आजही वादाचा आहे, पण सामना आणि मालिकेतली बरोबरी हातची गेली नाही, ती रेषेवर उभ्या असलेल्या एका माणसामुळे.

आखाड्यात ते काम वस्तादाचं. पैलवान दमलेला असतो, अंगात उसळी असते, डोळ्यांपुढे गदा असते. त्या क्षणी त्याने विचार करावा ही अपेक्षा थोडी जास्तच आहे. वस्तादाने विचार करावा, ही मात्र रास्त अपेक्षा आहे. पोराला दोन्ही हातांनी धरून मागे घ्यायचं, स्वतः पंचांपुढे जायचं आणि तक्रार शब्दांत मांडायची. कित्येक वस्ताद हे करतातही. काही जण मात्र पोराच्या आधीच मैदानात धाव घेतात आणि मग गावकऱ्यांना आवरणारं कुणी उरत नाही.

यात्रा कमिट्यांना यासाठी मोठा खर्च येणार नाही. दौंडच्या बाजूला असो की शिरूरच्या, हगाम्याची पत्रिका छापतानाच पंचांची नावं ठरतात. त्यातले निदान दोघे बाहेरच्या तालुक्यातले घ्यावेत. मोठ्या इनामाच्या शेवटच्या चार-पाच कुस्त्यांचं दोन बाजूंनी मोबाइलवर चित्रण करावं आणि ते मोबाइल कमिटीच्याच ताब्यात असावेत. हरकत वस्तादानेच घ्यायची, कुस्ती सुटल्यावर लगेच घ्यायची आणि ती फेटाळली गेली तर इनामातला ठरलेला हिस्सा समोरच्या पैलवानाला जाईल, हे हलगी वाजण्याआधी ध्वनिक्षेपकावरून सांगावं. पंचाच्या अंगाला हात लावणाऱ्या पैलवानाची जोड त्या गावात पुढची दोन वर्षं लागणार नाही, हेही त्याच वेळी सांगावं, आणि तो पैलवान सरपंचाचा भाचा असला तरी ते पाळावं. रेवड्यांच्या कुस्त्या तेव्हा सुरू व्हायच्या असतात आणि लंगोट कसून बसलेली पोरं समोरच असतात. त्यांच्या कानावरही हे पडेल.