गेरिऑनची गुरं

ग्रीक पुराणातला राक्षस भेटला की मी पहिल्यांदा त्याची शिंगं-शेपटी बघत नाही. वीरानं त्याच्या घरातून काय नेलं, ते बघतो.

गेरिऑन घ्या. तीन डोक्यांचा. पार पश्चिमेला, एरिथिया बेटावर त्याची तांबडी गुरं. हेसिऑड त्याचा एकही गुन्हा सांगत नाही. युरिस्थियस राजाचा हुकूम, गुरं आण. म्हणून हेराक्लीस आला. राखणीचा कुत्रा मारला, गुराखी मारला, गुरं हाकलली. मालक मागं धावला, त्यालाही बाण घातला. तो बाणही हायड्राच्या विषात बुडवलेला. म्हणजे आधी मारलेल्या राक्षसिणीचं विष पुढच्याला. हा झाला दहावा पराक्रम!

हा गेरिऑन मेदुसाचा नातू. पर्सियसनं तिची मान कापली, त्या मानेतून याचा बाप निघाला. घराणंच राक्षसाचं, मग मारायला वेगळं कारण कशाला लागतं?

प्लेटोच्या ‘गॉर्जियस’मध्ये कॅलिक्लीझ नावाचा गडी पिंडार कवीचा दाखला देतो. गुरं विकत घेतली नाहीत, कुणी दिली नाहीत, तरी नेली; दुबळ्याचं असेल ते बलवानाचं, हाच निसर्गाचा न्याय. माणूस मला मुळीच पटत नाही, पण बोलतो सरळ. तिथं तो गेरिऑनला राक्षस म्हणतच नाही. त्याला गरज नाही. गुरंही पाहिजेत नि वर चांगलंही म्हणवून घ्यायचंय, त्यालाच तो शब्द लागतो.

मग मित्रांनो, सगळेच राक्षस बिचारे काय? तसं नाही. पॉलिफीमसनं ओडिसियसची माणसं खाल्ली, ते खूनच. पण होमर त्याच्या आधीच सांगून मोकळा होतो : सायक्लॉप्स नांगर धरत नाहीत, सभा भरवत नाहीत, त्यांना कायदा नाही. खून एकाचा, नि आरोपपत्र सगळ्या जमातीवर, तेही खुनाच्या आधी.

सिसिलीच्या स्टेसिकोरसनं इ.स.पू. सहाव्या शतकात गेरिऑनला तोंड दिलं. त्याच्या काव्यात आई छाती उघडी करून पोराला विनवते. ते तुकडे इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले, १९६७ साली छापले गेले. वाचून गळा दाटतो. तरी गेरिऑन मरतोच, नि गुरं काही दावणीला परत येत नाहीत. ती युरिस्थियसकडं पोचली. त्यानं ती हेरा देवीला बळी दिली.