उत्तरवयातील ग्रामवास : त्याग की स्थानांतर?

नोकरी संपली, मुले मार्गी लागली, आता शहर सोडून गावी जाऊन राहावे, हा विचार मुंबई-पुण्यात हयात घालविलेल्या पुष्कळ गृहस्थांच्या मनात साठीच्या सुमारास येतो. तो बोलून दाखविताना कित्येक वासनिक ‘आता निवृत्ती’ असा शब्द योजतात. नोकरीतून मोकळे होणे आणि प्रपंचातून मोकळे होणे या दोन अत्यंत भिन्न गोष्टींना मराठीत एकच शब्द लाभल्यामुळे हा घोटाळा होतो. म्हणून प्रश्न असा की, उत्तरवयात महानगर सोडून ग्रामवास पत्करणे हा त्याग आहे, की ते केवळ स्थानांतर आहे?

यावर एक पक्ष असा की, नगर हे विषयांचे आगर व गाव हे शांतीचे घर. तेव्हा नगर सुटले की निम्मा प्रपंच सुटला. दुसरा पक्ष याच्या उलट म्हणतो की, स्थळाला महत्त्वच नाही. मन शुद्ध असेल तर गिरगाव काय आणि राहाता काय, दोन्ही सारखीच. शास्त्रदृष्ट्या पाहता हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत.

स्थळाला महत्त्व नाही म्हणावे, तर सर्वज्ञांनी देशाचा विचार केला नसता. साधकाने कोणत्या देशी जाऊ नये हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि तेथील विषयांची विपुलता हे त्याचे कारणही दिले. महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा केली. याचा अर्थ, स्थळ मनावर संस्कार करते, हे त्यांना मान्य होते. आपले मन कोठेही स्थिर राहील, ही घमेंड साधकाने बाळगू नये, हेच त्यातून सुचविले आहे.

परंतु याच निरूपणात पहिल्या पक्षालाही उत्तर आहे. संबंधत्याग सांगताना सर्वज्ञांनी एक क्रम लावून दिला. स्वदेशाचा संबंध टाकावा. स्वग्रामाचा त्याहून विशेषत्वाने टाकावा. आणि आप्तांचा त्याहूनही विशेषत्वाने. हा क्रम नीट ध्यानात घेतला, तर गावाकडे परतणाऱ्या गृहस्थास आश्चर्य वाटेल. तो ज्यास त्याग समजतो, ती वाट या क्रमाच्या नेमकी उलट चालली आहे. मुंबईत शेजाऱ्याचे नावही ठाऊक नव्हते. गावात बांधाबांधाशी नाते आहे, भावकी आहे, जुना मान आहे आणि जुने वैरही आहे. नगरात विषय बहुत, पण संबंध पातळ. स्वग्रामात विषय थोडे, पण संबंध घट्ट. जीवाला बांधण्याचे सामर्थ्य कोणात अधिक, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

राहाता परिसराचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. १९१६ साली दारणा धरण पुरे झाले. नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखाचे रूप पालटले. ऊस आला, पेरूच्या बागा आल्या. १९५० साली जवळच प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे १९९९ साली राहाता हा स्वतंत्र तालुका झाला आणि शिर्डीच्या वाढत्या गर्दीबरोबर येथील जमिनीचे मोलही चढत गेले. आता अशी कल्पना करावी की, थोरला भाऊ तरुणपणी मुंबईस गेला आणि धाकटा शेतीवर राहिला. धाकट्याने तीस-पस्तीस वर्षे रात्रीच्या पाळीला कालव्याचे पाणी भरले, बाग लावली, आईबापांची अखेरची सेवा केली. थोरला साठीनंतर ‘शांतीसाठी’ परत येतो आणि पहिल्याच महिन्यात सातबारा उतारा मागवितो.

वडिलार्जित जमिनीत त्याचा हिस्सा आहे, हे कायदा मान्य करतो. त्याविषयी वाद नाही. परंतु ज्यावर अधिकार आहे ते सर्व घेणे धर्म्य होते काय, हा प्रश्न कायद्याचा नव्हे. जमीन वाटणीत येते, पण त्या पस्तीस वर्षांचे जागरण वाटणीत येत नाही. ते न मोजता घेतलेला हिस्सा कागदावर निर्दोष ठरेल. तथापि धाकट्याच्या जीवाला त्यातून जी पीडा होईल, ती हिंसाच होय. शांतीच्या शोधात निघालेला मनुष्य दुसऱ्याची शांती घेऊन बसला, असे होऊ नये. अर्थात, ज्याला परतल्यावर पोटापाण्याचा दुसरा आधारच नाही, त्याचा हिस्सा नाकारणे हीसुद्धा पीडाच होय. म्हणून हिशेब गरजेचा करावा, केवळ हक्काचा करू नये.

आधार नसताना परतलेले लोक महाराष्ट्राने पाहिले आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्णपणे चालू झाल्या नाहीत, आणि अर्धे आयुष्य मागासमोर उभे राहिलेले कितीतरी लोक कोकणात व देशावर आपल्या गावी परतले. त्यांचेही शहर सुटले. पण त्यास कोणी त्याग म्हणणार नाही. तो वियोग होता. वस्तू हातातून जाणे वेगळे आणि ती हातातून सोडणे वेगळे. वियोगाने मन त्या वस्तूभोवतीच घुटमळत राहते. त्यागाने ते मोकळे होते. ज्याला वियोग घडला त्याला उपदेश करू नये. त्याला आधार द्यावा.

स्वेच्छेने शहर सोडल्याचे एक उदाहरण राहात्यापासून जवळच घडले. हरि सीताराम दीक्षित हे मुंबईचे नामांकित सॉलिसिटर. १९०९ साली ते प्रथम शिर्डीस आले व पुढे वकिलीचा पसारा आवरून १९२६ मध्ये देहान्त होईपर्यंत त्यांनी आपला बराच काळ त्या वेळच्या त्या लहानशा खेड्यात घालविला. त्यांची श्रद्धा कोणाच्या ठायी होती, हा प्रस्तुत विषय नव्हे. पाहण्याची गोष्ट ही की, त्यांनी तेथे वाडा बांधला, परंतु स्वतःसाठी माडीवरची लहानशी खोली ठेवून बाकीची जागा येणाऱ्याजाणाऱ्यांस दिली. शहराचा मनुष्य गावी येऊन घर बांधतो, यात नवल नाही. बांधलेल्या घरात तो किती जागा अडवितो, यावरून त्याची परीक्षा होते.

याहून उच्च मर्यादा आपल्या परंपरेत आहे. सर्वज्ञ गोदावरीच्या तीरी गावोगाव राहिले. डोमेग्रामी त्यांचा दीर्घ वास घडला. परंतु कोठेही त्यांनी घर केले नाही. आणि गावात राहणाऱ्यांशी ते त्यांच्याच भाषेत बोलले. पुढे संस्कृताचा प्रश्न निघाला, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी केशवराजांना हेच सांगितले की, तसे केल्याने साध्यासुध्या म्हाताऱ्या वंचित होतील. परतलेल्या गृहस्थाने हे विशेष लक्षात घ्यावे. त्याच्याजवळ कचेरीचे ज्ञान असते, अर्ज लिहिण्याची हातोटी असते, गावाला त्याचा उपयोगही असतो. परंतु ‘तुमच्या गावात शिस्त नाही’ या वाक्याने सुरुवात केली, की ते ज्ञान गावापर्यंत पोहोचत नाही.

भिक्षू गावात शिरतो तो घेणारा म्हणून, आणि ज्या घरी जे मिळेल ते निवड न करता स्वीकारतो. वासनिकास झोळी घेता येत नाही. पण ती वृत्ती घेता येते. पहिली काही वर्षे त्याने सांगण्यापेक्षा ऐकावे, जुना मान मागू नये, भावाच्या श्रमाला आपल्या हक्काआधी स्थान द्यावे.

तेव्हा निर्णय असा की, ग्रामवास स्वतः त्याग नव्हे. तो त्यागाचे निमित्त होऊ शकतो. भिक्षूला स्वग्राम वर्ज्यच आहे. गृहस्थास तेथे परतता येते, परंतु धनी म्हणून परतला तर त्याने एक प्रपंच टाकून दुसरा पत्करला. पाहुणा म्हणून परतला, तर पाहुण्यास एक दिवस निघावे लागते, हे स्मरण त्याच्या उत्तरवयाला नित्य राहील. नामस्मरणास तेवढी शांतता पुरेशी आहे.