बांधावरील गवत कोणाचें?

धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेडा हें गांव फटाक्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु तेथील शिवारांत अलीकडे जें अस्त्र पाठीवर घेऊन माणसें फिरतात, त्याचा आवाज मुळींच होत नाहीं. त्याचें नांव तणनाशक. आश्विनांत एका परिचिताच्या सीताफळाच्या बागेंत गेलों असतां झाडांखालचें गवत आणि त्याबरोबर बांधही करपलेला दिसला. कडेला एक म्हातारी विळा घेऊन उभी होती. ती रागावली नव्हती, इतकेंच म्हणाली, "मालक, बांध तरी ठिवायचा व्हता. शेळीला काय घालूं?"

मालकाजवळ उत्तर होतें, आणि तें खोटें नव्हतें. खुरपणीला वेळेवर बाया मिळत नाहींत; मिळाल्या तर मजुरी पेलत नाहीं. शिवाय दिवसभर ओणव्यानें खुरपण्याच्या कष्टांची थोरवी आपण पांढरपेशांनीं गावी, हें शोभत नाहीं. आपल्यापैकीं कितीजणांनीं खुरपें हातीं धरलें आहे? नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनीं तर भातशेतींत नांगरट टाळून, तणनाशकानें मारलेल्या रोपांचीं मुळें जमिनींतच राहूं देण्याची रीत रूढ केली. तेव्हां तणनाशक म्हणजे केवळ पाप, असा निकाल देऊन मोकळें होतां येत नाहीं.

मग आक्षेप विषाचा आहे काय? १९७४ पासून विकल्या जाणाऱ्या ग्लायफोसेटबद्दल वाद आहे खरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं त्यास 'बहुधा कर्ककारक' ठरविलें. कित्येक देशांच्या नियामक संस्थांस तें मान्य झालें नाहीं. २०२२ सालीं भारत सरकारनें त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला. हा वाद शास्त्रज्ञांनीं सोडवावा. परंतु उद्यां एखादें तणनाशक पाण्याइतकें निरुपद्रवी निघालें, तरी म्हातारीचा प्रश्न जागच्या जागींच राहील.

कारण तिचा प्रश्न विषाचा नसून वांट्याचा आहे. वनस्पतिशास्त्रांत 'तण' नांवाचें कूळ नाहीं. तांदुळजा, घोळ, पाथरी हीं न पेरतां उगवतात. मालकाच्या लेखीं तीं तणें, खुरपणाऱ्या बाईच्या ओट्यांत पडलीं कीं भाजी. फवाऱ्यानें तिची पाठ वांचली, पण मजुरीही गेली आणि भाजीही गेली. आपण एखाद्या रोपास 'निरुपयोगी' म्हणतों तेव्हां 'मला' हा शब्द गाळतों, आणि सारा अनर्थ त्या गाळलेल्या शब्दांत असतो. बांध कायद्यानें मालकाचा; परंतु त्यावरील गवत ज्याला जमीन नाहीं त्यानें कापून न्यावें, अशी पुष्कळ गांवीं रीत. सातबाऱ्यावर पिकाचा रकाना असतो, शेळीचा नसतो. म्हणून ती रीत मोडतांना कोणाची सही लागत नाहीं.

गाजरगवताची गोष्ट निराळी. गुरें तें सहसा खात नाहींत, माणसाच्या अंगाला तें खाज आणतें. त्याच्या नाशानें कोणाचें ताट रिकामें होत नाहीं. कसोटी एवढीच कीं, फवाऱ्याची नळी वळविण्यापूर्वीं, येथें माझ्याखेरीज कोणाचा वांटा आहे, हें स्वतःस विचारावें. बागेंत फवारणी केली तरी बांध सोडतां येतो. त्यासाठीं मजुरी पडत नाहीं, केवळ हात आवरावा लागतो.

निघतांना मालकानें चार सीताफळें दिलीं. तीं मीं घेतलीं आणि घरीं सर्वांनीं आवडीनें खाल्लीं. फार गोड होतीं. परंतु त्यांच्या किंमतींतला कांहीं भाग आमच्यासाठीं त्या म्हातारीनें भरला होता, हें मनांतून जाईना.