ताजी कणीक

गेल्या दिवाळीत माळा झाडताना, आमच्या बारामतीच्या घरी आजोबांचा पखवाज खाली आला. खोड शिसवी, भारदस्त. पण पुड्या फाटलेल्या, वाद्या वाळून कडक झालेल्या. दादा म्हणाला, "पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी वाद्ये किती निगुतीने ठेवली आहेत! आपणही हा काचेच्या कपाटात ठेवू." इंदापूरचे मामा म्हणाले, "त्यापेक्षा आमच्या भजनाला द्या. नव्या पुड्या घालून घेऊ."

मी घोटाळ्यात पडलो. पुड्या नव्या, वाद्या नव्या. मग आजोबांचे उरले काय? आणि नव्या आवाजाला जुना म्हणणे ही लबाडी तर नव्हे?

विसाव्या शतकात युरोपातील वादकांनाही या प्रश्नाने पछाडले. बाखचे संगीत त्याच्या काळच्या वाद्यांवर वाजवावे, म्हणून त्यांनी पोलादी तारा टाकून आतड्याच्या चढवल्या. त्या लवकर उतरतात, पुन्हा पुन्हा लावाव्या लागतात. कित्येकांनी तर जुन्या नमुन्यावर नवीच वाद्ये घडवून घेतली. उलट आमच्या बारामतीच्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या कीर्तनकार पेटीवर गातात. पेटी आली पंतांच्या मागून. पण म्हणून आर्या काही खोट्या ठरल्या नाहीत! तेव्हा जुनेपण नेमके कशात असते?

मला आजोबांची कणीक आठवली. भजनापूर्वी ते वाटीत कणीक भिजवून डाव्या पुडीवर थापत. थाप मारीत, मान तिरकी करून कान देत. थोडी काढीत, थोडी लावीत. भजन संपले की सारी खरवडून टाकीत. "उद्यासाठी राहू द्या की," मी एकदा म्हटले. ते हसले. "वाळली की बोलत नाही, बाळ."

म्हणजे तो जुना आवाज आजोबांनाही रोज नवाच करावा लागे. ज्या वाद्याला वाजवणारे हात उरले नाहीत, त्याला कपाटाचा आसरा हवाच. पण इथे तर हात पुढे आले होते. दादा रुसला; तरी पखवाज इंदापूरला गेला.

आषाढात तुकोबांची पालखी इंदापुरी आली, त्या रात्री मामांच्या ओसरीवर दहापंधरा जणांचे भजन झाले. आवाज आजोबांच्या पखवाजाचा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. दादाचेही थोडे खरेच होते. पण वाजवणाऱ्या पोराने थाप मारली, मान तिरकी केली आणि चिमूटभर कणीक काढून टाकली.

माझ्या डोळ्यांत पाणी आले. दादाकडे पाहिले, तर तोही कान देऊन ऐकत होता.