विचारण्याचा अधिकार

पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ. नदी तीच, कापूस तोच, पुष्कळ घरांतली भाषाही तीच. पदवीधराचे विद्यापीठाशी असलेले नाते मात्र दोन्ही काठांवर निराळे. यवतमाळचा पदवीधर नाव नोंदवून अमरावती विद्यापीठाच्या अधिसभेसाठी मत देऊ शकतो. आदिलाबादची महाविद्यालये वरंगळच्या काकतीय विद्यापीठाला जोडलेली. तेथे १९९१ च्या कायद्याने जुनी सिनेट व सिंडिकेट गेली आणि नेमणुकीची कार्यकारी परिषद आली. मग पलीकडच्याजवळ आपल्यापेक्षा जास्त आहे ते काय?

फार काही नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे अधिसभेच्या वर्षाला किमान दोन बैठका होतात. नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी अवघे १०. मुंबई विद्यापीठात जुन्या सभासदांची मुदत २०२२ साली संपली आणि पदवीधरांची निवडणूक झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. दहाही जागा एकाच पक्षाच्या युवा संघटनेकडे गेल्या. विद्येच्या घरात पक्षाचे झेंडे कशाला? त्यापेक्षा जाणकारांनी शांतपणे कारभार पाहावा, हे काय वाईट?

हा युक्तिवाद नवा नाही. कर्झनच्या काळात, १९०४ च्या कायद्याने, मुंबई विद्यापीठाच्या फेलोंची संख्या शंभरावर बांधली गेली. त्यांत निवडून यायचे ते वीसच. कारण सांगितले गेले कारभार सुधारण्याचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात विरोध केला, कारण सुधारणेच्या नावाखाली सरकारची पकड घट्ट होणार, हे त्यांना दिसत होते.

नेमलेला माणूस वाईटच असतो असे नव्हे. तो विद्वान असेल, सचोटीचाही असेल. पण अडचणीच्या वेळी तो ज्याने नेमले त्याच्याकडे वळून पाहणार. निवडून आलेल्याला मतदाराकडे वळावे लागते. परीक्षा शुल्क का वाढले, निकाल का रखडला, वसतिगृहाचा पैसा कुठे गेला, याचे ज्ञान तज्ज्ञाला असेल. त्याची झळ ज्याला बसते त्याला तो प्रश्न भर सभेत विचारता आला पाहिजे. उत्तर समाधानकारक मिळेलच असे नाही. परंतु उत्तर द्यावे लागणार आहे, एवढ्या जाणिवेनेही हिशेबाची वही नीट राहते.

आता खरी अडचण. मत पदवीधराला, पण विद्यापीठ चालते ते सर्वांच्या पैशावर. उटनूरच्या डोंगरातले गोंड किंवा कोलाम पोर दहावीपर्यंतही पोचले नाही, तर त्याच्या वतीने कोण बोलणार? त्याचे मत नाही, म्हणून त्याचा हक्क नाही काय? प्रतिनिधी हा मतदारांचा मुनीम असेल, तर तो या पोराला ओळखणारच नाही. दाराबाहेर राहिलेल्यांचे देणे आपल्या डोक्यावर आहे असे मानणाराच खरा प्रतिनिधी. कायदा खुर्ची देतो. ही जाणीव देत नाही.

म्हणून आपल्या काठावरही निवडलेली सभा असावी, असे म्हणताना आपणही स्वतःला विचारावे: ती मिळाली, तर आपण तिथे कोणासाठी उभे राहणार?