मांजरीचा दोर

मांजरीविषयीची एक हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, तिला खाऊपिऊ घातले नाही आणि जमिनीवरचे जीवजंतू खाऊन जगण्यासाठी सोडलेही नाही. मांजर मेली आणि त्यापायी ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. मुलांना ती सांगून 'प्राण्यांवर दया करा' एवढा बोध आपण काढतो. पण नीट पाहिले तर त्या स्त्रीपुढे दोन मार्ग होते. एक खाऊ घालण्याचा, दुसरा सोडून देण्याचा. तिचा अपराध दोन्ही मार्ग बंद करण्याचा होता.

आता आपल्या शहरांकडे या. मोठ्या, लांब केसांच्या मांजरी पाळण्याची हौस आपल्या समाजातही वाढली आहे. मेन कून जातीचा बोका 6 ते 8 किलो भरतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या बर्फाळ हिवाळ्यात शोभावी अशी दाट लव त्याच्या अंगावर असते. तो मुंबईच्या दमट मे महिन्यात राहतो. पर्शियनचे हाल त्याहून वेगळे. तिच्या केसांतून रोज फणी फिरली नाही तर त्यांच्या गुठळ्या होतात, कातडी ओढली जाऊन खाली जखमा होतात. चेहरा जितका चपटा तितकी किंमत अधिक, म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चपट्या चेहऱ्याचीच निवड केली. परिणामी डोळे सतत पाझरतात आणि श्वास घेताना घरघर होते. अंग तिला स्वतः पुरते स्वच्छ करता येत नाही, शिकारीची सवय नाही, रस्त्यावरच्या कुत्र्याला चुकवता येत नाही.

म्हणजे हदीसमधल्या दोन मार्गांपैकी दुसरा मार्ग या मांजरीच्या बाबतीत तिच्या जन्माआधीच बंद झालेला आहे. तरीही बदली झाली, सून गरोदर राहिली, किंवा खर्च झेपेना की काही लोक तिला दूरच्या एखाद्या बाजारापाशी किंवा दर्ग्यापाशी नेऊन ठेवतात आणि म्हणतात, "आम्ही तिला मोकळी केली." ही मोकळीक नव्हे. (गरोदरपणाची भीती तर बहुतेक वेळा अवाजवी असते. मांजरीची विष्ठा घरातल्या दुसऱ्या कुणी रोज उचलावी, मांस नीट शिजवून खावे, हात धुवावेत. त्यासाठी मांजर हाकलावी लागत नाही.)

विकत घेण्याविषयी काय? हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये कुत्रा व मांजर यांच्या किमतीची मनाई आली आहे. इब्न हज्म यांनी तिचा शब्दशः अर्थ घेतला. बहुसंख्य विद्वानांनी पाळीव मांजरीची विक्री वैध मानली. इमाम नववी यांनी सुचविलेला एक अर्थ मला फार मोलाचा वाटतो: ही मनाई हरामच्या दर्जाची नाही, लोकांना मांजर एकमेकांस सहज, मोबदल्याविना देण्याची सवय लागावी, असा तिचा हेतू आहे. व्यवहार जायज आहे एवढ्यावर ज्यांचे समाधान होते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण जिन्याखाली भुकेली पिल्ले म्याव म्याव करीत असताना हजारो रुपये मोजून वंशावळीची मांजर आणणे, यात हौस किती आणि दया किती, हे ज्याचे त्याने एकांतात पाहावे.

रस्त्यावरची मांजर घरात घेणेही केवळ पुण्य मिळवण्याचा सोपा उपाय नाही. लस टोचावी लागते. वर्षात दोन-तीनदा पिल्ले होऊ शकतात, त्यांचा विचार आधी करावा लागतो. जनावरांच्या हितासाठी खच्चीकरणास हनफी फिकहमध्ये मुभा आढळते, काही विद्वान ते नापसंत करतात. विचारून निर्णय घ्यावा. आणि दार लावून घेतले की त्या क्षणापासून आपण हदीसमधल्या स्त्रीच्या जागी उभे असतो.

हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यापुढे वुजूचे पाणी होते. मांजर आली, तेव्हा त्यांनी भांडे कलते केले आणि ती पिऊन जाईपर्यंत थांबले. सून चकित झालेली पाहून त्यांनी प्रेषितांचे (स.) म्हणणे सांगितले की ती नापाक नाही, ती तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. सूरह नूरमध्ये घरातले सेवक व लहान मुले यांच्यासाठी हाच 'वावरणारे' शब्द आला आहे. बाही कापल्याची प्रसिद्ध कथा विश्वसनीय हदीससंग्रहांत मिळत नाही. हा प्रसंग मिळतो, आणि तो पुरेसा आहे. त्यात मांजर कुणाची, कोणत्या जातीची, हे कुठेच येत नाही.

हे लिहिताना माझे मन मोकळे नाही. आमच्या जुन्या घराच्या दाराशी एक करडी मांजर सहा वर्षे जेवली. आम्ही तिला कधी बांधले नाही, म्हणून ती आमची नाही असे मानत राहिलो. घर बदलले त्या दिवशी ती टेम्पोजवळ बसली होती. "अल्लाह देईल तिला," असे मीच म्हणालो आणि दार ओढून घेतले. सहा वर्षे दोन वेळा आयते मिळाल्यावर तिला शिकार कितपत आठवत असेल, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. आठवड्याने माशांचे तुकडे घेऊन गेलो. जिना रिकामा होता.